पोटाला पीळ पडतो तेव्हा: आतडं पिळवटणं, ऑपरेशन आणि नंतरची काळजी



दर अंकात आपण बचत, कर्ज, बँक लिंकेज यावर बोलतो. या वेळी आतड्याच्या एका आजारावर लिहितेय. त्याचा आपल्या दंडाच्या वहीशीही संबंध आहे, म्हणून आधी तेच सांगते.

नावडे भागातल्या आपल्या एका गटातल्या ताई लागोपाठ दोन बैठकांना आल्या नाहीत. नियमाप्रमाणे दोन्ही वेळा दहा-दहा रुपये दंड लागला. वहीत तो मीच लिहायला लावला. त्याच्या आधी त्यांचा निरोप आला होता, "सासूबाईंना दवाखान्यात न्यायचंय, गटातून तातडीचं कर्ज मिळेल का?" मी उत्तर दिलं, "बैठकीत विषय ठेवू." बैठक चार दिवसांनी होती. काय झालंय, पोट कसं दुखतंय, लघवी-संडास होतेय का, यातलं काहीच मी विचारलं नाही. विचारायचं असतं हेच मला माहीत नव्हतं.

त्या आजींच्या आतड्याला पीळ पडला होता. शुक्रवारी संध्याकाळी पोट दुखायला लागलं. "वाटी सरकली असेल" म्हणून रात्री पोट चोळलं. शनिवारी सकाळी एरंडेल पाजलं. दुपारी जवळच्या दवाखान्यातून गॅसचं इंजेक्शन घेऊन आले. रविवारी पोट ढोलासारखं ताणलं आणि आजींना घाम फुटायला लागला, तेव्हा रिक्षात घालून नेलं. ऑपरेशन झालं तेव्हा आतड्याचा वीतभराहून मोठा तुकडा काळा पडलेला होता. आजी वाचल्या, पण पुढचे कित्येक महिने त्या घराने जे सोसलं, त्यातलं बरंच टाळता आलं असतं. ते पुढच्या कुठल्या घराला सोसावं लागू नये, म्हणून हा लेख.

आतड्याला पीळ पडतो म्हणजे नेमकं काय?

आपल्या पोटात लहान आतडं साधारण सहा मीटर लांब असतं, म्हणजे वीस फुटांच्या आसपास. मोठं आतडं साधारण दीड मीटरचं. एवढी लांबलचक नळी पोटात मोकळी पडलेली नसते. एका पातळ पडद्याने ती पाठीमागच्या बाजूला बांधलेली असते. या पडद्यातूनच आतड्याला रक्त पुरवणाऱ्या शिरा येतात.

आता बाजाराची कापडी पिशवी डोळ्यांसमोर आणा. भरलेली पिशवी खुंटीला अडकवली आणि ती स्वतःभोवती दोन-तीन वेळा फिरली, तर बंद पिळवटतात आणि पिशवीचं तोंड घट्ट होतं. आतड्याचंही तसंच होतं. आतड्याचा एखादा भाग जास्त लांब आणि सैल असेल आणि तो जिथे बांधलेला आहे ती जागा अरुंद असेल, तर तो भाग स्वतःभोवती फिरतो. डॉक्टर याला व्हॉल्व्ह्युलस म्हणतात.

पीळ पडला की दोन गोष्टी बंद होतात. पहिली, रस्ता बंद होतो. मळ पुढे जात नाही, हवा बाहेर पडत नाही, आणि अडकलेला भाग फुग्यासारखा फुगत जातो. दुसरी, रक्त बंद होतं, आणि जिवाला धोका आहे तो यातच. रक्त न मिळालेलं आतडं काही तासांत निळं आणि मग काळं पडू लागतं. काळं पडलेलं आतडं कुजतं, फाटतं. आतली घाण पोटात पसरते, तिचं विष रक्तात जातं. म्हणून या दुखण्यात दिवस मोजून चालत नाही, तास मोजावे लागतात.

मोठ्या माणसांत हा पीळ बहुतेक वेळा मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागात, डाव्या बाजूला खाली पडतो. त्या भागाला सिग्मॉइड म्हणतात. काही जणांत तो मोठ्या आतड्याच्या सुरुवातीला, उजव्या बाजूला पडतो. लहान आतड्यालाही पीळ पडू शकतो.

कोणाला जास्त धोका?

घरातली माणसं आठवत वाचा.

म्हातारी माणसं, खास करून ज्यांना वर्षानुवर्षं बद्धकोष्ठता आहे आणि रोज पोट साफ होण्याची गोळी किंवा चूर्ण घ्यावं लागतं. मळ साठून साठून आतडं लांब आणि सैल होत जातं. अंथरुणाला खिळलेली माणसं, लकवा मारलेली किंवा कंपवात असलेली माणसं. मानसिक आजाराच्या काही औषधांनी आतड्याची हालचाल मंदावते, त्यामुळे ती औषधं घेणारी माणसंसुद्धा. पण औषध मनाने बंद करू नका. बद्धकोष्ठतेबद्दल डॉक्टरांना सांगा, ते उपाय देतील.

आपल्यासाठी महत्त्वाचं म्हणजे गरोदरपण. वाढत्या गर्भाशयाने आतडं सरकतं आणि क्वचित पीळ पडतो. गरोदरपणात मळमळ, गॅस, बद्धकोष्ठता असतेच, त्यामुळे हे दुखणं ओळखायला उशीर होतो.

तसंच आधी पोटाचं ऑपरेशन झालेल्या बायका. सिझेरियन असो, पिशवी काढलेली असो, कुटुंबनियोजन असो, अपेंडिक्स असो. आतल्या जखमा भरताना कधीकधी आतड्यांमध्ये चिकट दोरे तयार होतात. त्या दोऱ्याभोवती लहान आतडं पिळवटू शकतं. ऑपरेशनला दहा वर्षं झाली असली तरी होऊ शकतं. प्रत्येकीला होतं असं नाही, घाबरू नका. पण पोट अचानक दुखलं तर डॉक्टरांना "माझं अमुक ऑपरेशन झालंय" हे आधी सांगा.

आणि नवजात बाळं. काही बाळांचं आतडं जन्मतःच नीट जागेवर बसलेलं नसतं. अशा बाळाला पहिल्या महिन्यात आतडं पिळवटण्याचा धोका असतो. खूण एकच लक्षात ठेवा: बाळाला हिरवी उलटी झाली तर सकाळची वाट बघायची नाही. दूध पिऊन पांढरी गुळणी येते ती वेगळी. पालेभाजीच्या पाण्यासारखी हिरवी उलटी म्हणजे लगेच, त्याच क्षणी मोठ्या दवाखान्यात.

साधा गॅस आणि पीळ यातला फरक

गॅस झाला की पोट दुखतं, ढेकर येतात, वारा सरतो आणि थोड्या वेळाने बरं वाटतं. पीळ पडला असेल तर हे चार प्रश्न विचारा:

1. वारा सरतोय का? संडास झाली का? दोन्ही पूर्ण बंद असेल तर ही सगळ्यात मोठी खूण.
2. पोट फुगत चाललंय का? काही तासांत पोट ताणलं, वाजवलं तर ढोलासारखा आवाज आला, नेहमीची साडी किंवा परकराची नाडी घट्ट झाली.
3. दुखणं येऊन-जाऊन आहे, की आता सतत झालंय? आधी कळा येतात. पुढे थांबतच नाही.
4. उलट्या होतात का? मोठ्या आतड्याचा पीळ असेल तर उलटी उशिरा येते, म्हणून "उलटी नाही ना, मग काही नाही" असं समजू नका.

याशिवाय ताप, थंड घाम, नाडी जोरात, हात लावला तरी पोट दुखणं, पोट लाकडासारखं कडक होणं, संडासवाटे रक्त, माणूस गुंगीत जाणं, यातलं काहीही दिसलं तर आतडं खराब व्हायला लागलं असण्याची शक्यता आहे. कधीकधी खूप दुखल्यावर एकदम दुखणं थांबतं आणि घरचे म्हणतात, "बरं वाटायला लागलं." आतडं फाटल्यावरही थोडा वेळ असं होऊ शकतं. पोट तसंच फुगलेलं असेल तर त्या थांबण्यावर विश्वास ठेवू नका.

घरी काय करायचं नाही

पोट चोळायचं नाही. वाटी बसवायची नाही. फुगलेल्या आतड्यावर जोर दिला तर ते फाटू शकतं.

एरंडेल, सुनामुखी, जुलाबाची गोळी द्यायची नाही. रस्ता बंद असताना मागून जोर लावून काय होणार? फुगणं वाढतं. घरी एनिमाही द्यायचा नाही.

खायला-प्यायला द्यायचं नाही. पाण्याने ओठ ओले करा, एवढंच. ऑपरेशन लागलं तर भूल देण्यासाठी पोट रिकामं असणं बरं असतं.

दुखणं दाबणारं इंजेक्शन घेऊन घरी परत यायचं नाही. इंजेक्शनने दुखणं दबतं, पीळ सुटत नाही.

डाग द्यायचा नाही. मेळघाटात पोट फुगलेल्या लेकरांच्या पोटावर तापलेल्या विळ्याने चटके देतात, त्याला 'डंबा' म्हणतात. फेब्रुवारी 2025 मध्ये चिखलदरा तालुक्यात 22 दिवसांच्या बाळाला असे 65 चटके दिल्याची बातमी तुमच्यापैकी काहींनी पाहिली असेल. ते वाचून आपल्याला संताप येतो. पण तायांनो, पोट फुगलेल्या म्हातारीला दोन रात्री चोळत बसणं आणि डंबा देणं, यात आजारी माणसाचा वेळ सारखाच जातो.

मग काय करायचं? 108 ला फोन करा. ही रुग्णवाहिका सेवा आपल्या राज्यात 2014 पासून सुरू आहे आणि मोफत आहे. फोनवर सांगा, "पोट फुगलंय, वारा आणि संडास बंद आहे, ऑपरेशन होईल असा दवाखाना पाहिजे." हे शेवटचं वाक्य महत्त्वाचं. जिथे सर्जन, एक्स-रे आणि ऑपरेशन थिएटर नाही, तिथे थांबलं की वेळ जातो. नावड्याहून कळंबोली किंवा पनवेल जवळ आहे, पण तळोजा एमआयडीसीच्या टँकर-ट्रेलरची गर्दी आपण रोज बघतो. वीस मिनिटांच्या रस्त्याला संध्याकाळी तास लागतो. म्हणून निघायलाच उशीर करायचा नाही.

दवाखान्यात गेल्यावर

आधी सलाईन लावतात, कारण शरीरातलं पाणी कमी झालेलं असतं. नाकातून पोटात एक नळी घालतात, तिच्यातून साठलेलं पाणी आणि हवा निघते. लघवीची नळी लावतात. रक्त तपासतात. पोटाचा एक्स-रे काढतात. सिग्मॉइडचा पीळ असेल तर एक्स-रेमध्ये फुगलेलं आतडं वाकलेल्या मोठ्या बीसारखं दिसतं. खात्रीसाठी बऱ्याचदा सीटी स्कॅन करतात.

नाकातली नळी बघून नातेवाईक घाबरतात, काही पेशंट ओढून काढतात. ती नळी उलटी छातीत जाऊ नये म्हणूनही असते. ती काढू नका.

आधी नळीने पीळ सोडवतात

सिग्मॉइडचा पीळ असेल आणि आतडं खराब झाल्याची लक्षणं नसतील, तर लगेच पोट उघडत नाहीत. गुदद्वारातून दुर्बीण घालून पिळापर्यंत जातात आणि अडकलेली हवा-मळ बाहेर काढतात. आतडं सैल पडतं आणि पीळ सुटतो. मग एक मऊ नळी एक ते तीन दिवस आत ठेवतात. पोट खाली बसतं, पेशंटला एकदम हलकं वाटतं.

इथे घरचे मोठी चूक करतात. "बरं झालं, आता ऑपरेशन कशाला?" म्हणून सही करून घरी आणतात. पण आतडं लांब आणि सैल होतं, ते तसंच राहिलेलं असतं. नुसती नळी घालून घरी गेलेल्यांपैकी साधारण निम्म्या, कधी त्याहून जास्त लोकांना पुन्हा पीळ पडतो. म्हणून पेशंटची तब्येत झेपणारी असेल तर त्याच भरतीत, काही दिवसांत, तयारीनिशी ऑपरेशन करायचा सल्ला देतात. अशा वेळी आतडं जिवंत असतं, पेशंट सावरलेला असतो, धोका बराच कमी असतो. पेशंट फारच अशक्त असेल तर डॉक्टर वेगळा विचार करतात. तो त्यांना समोर बसून विचारा.

ऑपरेशनमध्ये काय करतात?

आतडं चांगलं असेल तर लांब-सैल भाग कापून काढतात आणि दोन्ही टोकं जोडतात. नुसता पीळ उलगडून आतडं तसंच ठेवलं तर तो परत पडू शकतो, म्हणून तो भाग काढणं हा पक्का उपाय. राहिलेल्या मोठ्या आतड्यावर माणूस नीट जगतो. "आतडं कापलं म्हणजे माणूस संपला" हे खरं नाही.

आतडं काळं पडलेलं असेल, फाटलेलं असेल, तर नळीचा प्रयोग करत नाहीत, थेट ऑपरेशन. काळा भाग काढतात, पोट धुतात. पण पोटात पू-घाण असताना आणि पेशंटचं रक्तदाब खाली असताना टोकं जोडली तर तो जोड टिकेल याची खात्री नसते. मग खालचं टोक शिवून बंद करतात आणि वरचं टोक पोटाच्या त्वचेवर छोटं तोंड करून बाहेर काढतात. मळ तिथून, चिकटवलेल्या पिशवीत येतो. याला हार्टमनचं ऑपरेशन म्हणतात. हेन्री हार्टमन या फ्रेंच सर्जनने 1921 मध्ये ते कॅन्सरच्या पेशंटसाठी सांगितलं होतं. आज तातडीच्या वेळी जगभर वापरतात. आपल्या आजींचं हेच ऑपरेशन झालं.

उजव्या बाजूचा पीळ असेल तर दुर्बिणीच्या नळीने तो सहसा सुटत नाही, ऑपरेशनच लागतं. लहान आतड्याला पीळ असेल तर चिकट दोरे कापून आतडं मोकळं करतात, काळा भाग असेल तर काढतात. लहान आतड्याचा फार मोठा भाग काढावा लागला तर पुढे अन्न अंगी लागत नाही, सारखे जुलाब होतात, वजन उतरतं. म्हणून तिथेही लवकर जाणं हाच उपाय. बाळाच्या ऑपरेशनमध्ये पीळ उलगडून आतड्याची जागा अशी करतात की पुन्हा पीळ पडू नये.

सही करायच्या आधी तीन प्रश्न विचारा: आतडं जोडणार की पिशवी लागेल? पिशवी कायमची की काही महिन्यांची? अंदाजे किती दिवस भरती राहावं लागेल? कागद वाचता येत नसेल तर वाचून दाखवायला सांगा. तो तुमचा हक्क आहे. मात्र डॉक्टर "ताबडतोब करावं लागेल" म्हणाले तर गावच्या सगळ्या भावकीला विचारण्यात रात्र घालवू नका.

ऑपरेशननंतर काय बिघडू शकतं?

ऑपरेशन झालं म्हणजे सुटलो असं नाही. पेशंटजवळ बसणाऱ्या बाईला हे माहीत हवं, कारण बदल आधी तिच्याच लक्षात येतो.

पहिले दोन-चार दिवस आतडं झोपलेलं असतं. वारा सरेपर्यंत खायला देत नाहीत. "उपाशी ठेवलंय" म्हणून लपवून चहा-बिस्कीट देऊ नका.

जोड सुटणं ही सगळ्यात गंभीर गोष्ट. बहुतेक वेळा पाचव्या ते सातव्या दिवसाच्या आसपास कळतं. बरा होत असलेला पेशंट पुन्हा तापतो, पोट दुखतं-फुगतं, नाडी वाढते, जखमेतून किंवा नळीतून मळासारखं पाणी येतं. लगेच नर्सला सांगा. घरी आल्यावर झालं तर त्याच दवाखान्यात परत.

जखम पिकणं बऱ्याच जणांना होतं, कारण हे आतड्याचं ऑपरेशन आहे. लाली, पू, वास, ताप आला तर दाखवा. जखमेवर हळद, राख, तंबाखू लावू नका.

पोटात आत पू साठणं: थंडी वाजून ताप येत राहतो, भूक मरते. सोनोग्राफीत कळतं.

छातीत कफ: म्हाताऱ्या माणसांत जास्त. दुखतं म्हणून ते खोकत नाहीत. पोटावर उशी धरून खोकायला लावा, दर तासाला दीर्घ श्वास घ्यायला लावा. मशेरी, विडी बंद.

पायात रक्ताची गुठळी: एका पायाला सूज आणि दुखणं, किंवा अचानक दम लागणं, हे तातडीचं आहे. टाळण्यासाठी डॉक्टर सांगतील त्या दिवसापासून उठवून चालवा. आपल्याकडे "टाके तुटतील" म्हणून झोपवून ठेवतात, तसं करू नका.

पुढे काही महिन्यांनी किंवा वर्षांनी टाक्यांच्या जागी हर्निया येऊ शकतो, किंवा चिकट दोऱ्यांमुळे आतडं पुन्हा अडकू शकतं. म्हणून निदान सहा आठवडे हंडा, गॅस सिलिंडर, धान्याचं पोतं, नातवंडं, काही उचलायचं नाही. आणि वर लिहिलेली चार लक्षणं आयुष्यभर लक्षात ठेवायची.

आतडं जिवंत असताना झालेलं ऑपरेशन आणि काळं पडल्यावर झालेलं ऑपरेशन, यांच्या धोक्यात कितीतरी पटींचा फरक असतो. डॉक्टर तेच, औषधं तीच. मध्ये गेलेले तास तेवढे आपले.

पोटावरची पिशवी

आजी घरी आल्या तेव्हा सगळ्यात जड गेलं ते हेच. त्या वेगळं ताट घेऊन बसायला लागल्या. देवाच्या खोलीत जाईनात. हळदीकुंकवाला कोणी बोलावलं तरी नको म्हणायच्या. सुनेने मला सांगितलं, "ताई, जखमेचं काही नाही, त्यांना स्वतःची किळस वाटते." हे ऐकून मला काय बोलावं कळलं नाही.

तायांनो, पिशवी म्हणजे संडासची बदललेली जागा. तिच्यामुळे माणूस विटाळत नाही. पिशवी नीट चिकटवलेली असेल तर वास येत नाही. वर साडी, मॅक्सी, काहीही घालता येतं. आंघोळ करता येते. सगळ्यांबरोबर जेवता येतं.

काळजी अशी घ्या. आतड्याचं तोंड ओलसर आणि लाल-गुलाबी असतं, आपल्या ओठांच्या आतल्या भागासारखं. ते जांभळं-काळं दिसलं, आत ओढलं गेलं, खूप बाहेर आलं, किंवा पिशवीत काहीच येईना आणि पोट फुगलं, तर लगेच दवाखाना. पिशवी एक तृतीयांश भरली की रिकामी करा, गच्च भरू देऊ नका. तोंडाभोवतीची त्वचा साध्या पाण्याने धुवून कोरडी करा, तेल-पावडर लावू नका, नाहीतर पिशवी चिकटत नाही. पिशवीचं भोक तोंडाच्या मापाचंच कापा. मोठं कापलं तर मळ त्वचेला लागतो आणि ती सोलवटते. दवाखान्यातून निघायच्या आधी नर्सकडून पिशवी बदलणं स्वतः करून शिका. एकीने नाही, घरातल्या दोघींनी. मुंबईत ऑस्टोमी असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था अशा पेशंटसाठी काम करते. सल्ला हवा असेल तर दवाखान्यात तिच्याबद्दल विचारा.

खाण्यात सुरुवातीला मऊ भात, मुगाचं वरण, ताक. हळूहळू नेहमीचं जेवण, नीट चावून. कशाने गॅस होतो ते पेशंटला स्वतःलाच कळत जातं.

हार्टमनच्या ऑपरेशनमध्ये बहुतेकदा तीन ते सहा महिन्यांनी टोकं पुन्हा जोडता येतात. पण तेही मोठं ऑपरेशन आहे. फार म्हाताऱ्या किंवा हृदयाचा आजार असलेल्या माणसाला ते झेपेलच असं नाही. काही जण पिशवीवरच उरलेलं आयुष्य नीट काढतात.

पैशाचं काय?

त्या घराने सव्वा दिवस घालवला तो पैशाच्या विचारात. पन्नास हजार तरी लागतील, गटातून मिळेपर्यंत थांबू, असं त्यांनी ठरवलं. घरात केशरी रेशनकार्ड होतं. ते कशाला उपयोगी पडतं हे त्यांना ठाऊक नव्हतं, आणि मीही कधी बैठकीत सांगितलं नव्हतं.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना. 2012 मध्ये पहिल्या आठ जिल्ह्यांत ती सुरू झाली, त्यात आपला रायगड होता. तेव्हा नाव राजीव गांधी जीवनदायी होतं. 28 जुलै 2023 च्या शासन निर्णयाने संरक्षण दर कुटुंबाला वर्षाला 5 लाख रुपयांपर्यंत वाढवलं आणि पांढऱ्या कार्डासह सगळ्या रेशनकार्डधारकांना योजना खुली केली. योजनेतल्या दवाखान्यात आरोग्यमित्र बसतात. गेल्या गेल्या त्यांना भेटा. रेशनकार्ड आणि आधार लागतं. तातडीच्या वेळी फोनवर कळवून आधी उपचार सुरू करता येतात, कागद नंतर देता येतात. तुमचं ऑपरेशन योजनेत बसतं का, पैसे भरायच्या आधी विचारा. टोल फ्री नंबर: 155388 किंवा 1800 233 2200.

राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रापासून जिल्हा रुग्णालयापर्यंत, 15 ऑगस्ट 2023 पासून उपचार मोफत आहेत. धर्मादाय दवाखान्यांना 10 टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. त्यासाठी उत्पन्नाचा दाखला काढून ठेवा. आणि जीव धोक्यात असताना पैशासाठी प्राथमिक उपचार अडवता येत नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयाने 1989 मध्येच सांगितलंय.

गाडीभाडं, औषधं, पिशव्या, सोबत राहणाऱ्याचं जेवण, बुडालेला रोज, हे मात्र योजनेत सगळं येत नाही. त्यासाठीच गट आहे. ग्रामसंघाकडे जोखीम प्रवणता निधी असेल तर तो अशाच वेळेसाठी असतो.

आपल्या गटात एवढं करूया

पहिलं, प्रत्येक गटाने ठराव करून थोडी रक्कम आजारपणासाठी बाजूला ठेवावी. ती देण्यासाठी बैठकीची वाट बघायची नाही. अध्यक्ष, सचिव, कोषाध्यक्ष यांनी फोनवर बोलून त्याच दिवशी द्यायची, नोंद पुढच्या बैठकीत.

दुसरं, प्रत्येकीने रेशनकार्ड आणि आधारची झेरॉक्स एका पिशवीत घालून दाराजवळ अडकवावी. जुन्या ऑपरेशनचे कागदही त्यातच.

तिसरं, घरातल्या म्हाताऱ्या माणसांना "पोट साफ होतं का?" हे आठवड्यातून एकदा विचारायचं. पाणी, फिरणं, वेळेवर संडास. आणि आपणही कामावर, शेतावर, प्रवासात लाजेने संडास दाबून ठेवायची नाही.

चौथं, कोणी ताई बैठकीला आली नाही तर दंड लिहिण्याआधी एक फोन करायचा. हा नियम मी आधी स्वतःसाठी केलाय.

त्या आजींची टोकं चार महिन्यांनी जोडली. मधल्या काळात जखम पिकली, दोनदा परत भरती करावं लागलं. आता त्या ओट्यावर बसतात, हळू चालतात. मागच्या बैठकीत गटाने एकमताने सुनेचे वीस रुपये परत केले. त्यांनी ते घेतले आणि आजारपणाच्या पेटीत टाकले. त्या निधीची सुरुवात तिथूनच झाली.

पुढच्या बैठकीत हा लेख मोठ्याने वाचा. वाचता न येणाऱ्या ताईंना चार प्रश्न तोंडपाठ करायला लावा: वारा सरतोय का, पोट फुगतंय का, दुखणं थांबत नाही का, उलटी आहे का. काही शंका असेल तर मला विचारा. मला माहीत नसेल तर डॉक्टरांना विचारून सांगेन. पण फोन आला तर "बैठकीत विषय ठेवू" असं आता म्हणणार नाही.

तुमची,
क्षेत्र समन्वयक, नावडे